पावसाळी थरच्या कच्च्या वाटा

जैसलमेरास वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरी २० सेंटिमीटरांच्या आसपास. महाबळेश्वरी जुलै महिन्यातील एखाद्या जोराच्या दिवशी एवढे पाणी एका दिवसात कोसळून जाते. हे वाचून, अशा प्रदेशात पावसाळ्यात मोटारीने हिंडण्यास अडचण ती कसली, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. परंतु वाळवंटात सरासरीचा आकडा मोठा फसवा असतो. तेथला पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत आणि त्या दिवसांतल्याही मोजक्या तासांत आपले काम उरकून घेतो. एका ढाणीवर तो धो धो कोसळेल आणि दोन कोसांवरच्या दुसऱ्या ढाणीतील मंडळी कोरड्या आभाळाकडे पाहत बसतील. ढाणी म्हणजे शेतात वसलेली चार-दोन घरांची वस्ती. आपल्याकडील वाडी किंवा वस्ती म्हणा ना!

असे असले तरी थरचे वाळवंट पाहावे ते पावसाळ्यातच, असे मी आग्रहाने म्हणेन. हिवाळ्यात तेथे उंटांवरून फिरणाऱ्या प्रवाशांची गर्दी असते आणि वाळूचे डोंगर चित्रातल्यासारखे दिसतात, हे खरे. पण ते वाळवंट निजलेले असते. पहिल्या दोन सरी पडल्या की सेवण गवताच्या वाळल्या जुड्यांना हिरवे कोंब फुटतात, रुईची पाने धुऊन निघतात, आणि आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी, म्हणजे तेथली खेजडी, शेताशेतांतून डवरून उभी राहते. वाळूच्या टेकड्यांवर बाजरी, मूग, मटकी आणि गवार पेरलेली दिसते. वाळूत पेरणी होते ही गोष्ट पाहिल्यावाचून पटत नाही. माणसेही या दिवसांत निराळी असतात. शहरात आपण पावसाने अडलो की कुरकुरतो. तिकडे अंगावरचे कपडे चिंब झालेला माणूस हसत हसत समोर येतो.

अलीकडे जोधपूर-जैसलमेरसारख्या गावी स्वतः चालवावयाच्या मोटारी भाड्याने मिळू लागल्या आहेत. त्यांच्या क्रमांकाची पाटी काळी आणि तीवरील अक्षरे पिवळी असतात. त्यामुळे पाहुणा कोण आहे हे गावकऱ्यांना लांबूनच कळते. मुलाबाळांना घेऊन, आपल्या मर्जीने थांबत थांबत जाता येते म्हणून अनेक कुटुंबे हा मार्ग पत्करतात, आणि तो चांगलाही आहे. मात्र ही मोटार बहुधा लहान, जमिनीपासून पुरती वीतभरही उंच नसलेली आणि पुढच्याच दोन चाकांना शक्ती मिळणारी असते. डांबरी रस्त्यावर तिच्यासारखी गुणी गाडी नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून मरुभूमीतील पुष्कळ गावांपर्यंत डांबर पोचले आहे. सम किंवा खुहडी येथील वाळूच्या टेकड्यांपर्यंत तर चहाचा पेलाही हिंदकळू न देता जाता येते. अडचण आहे ती शेवटच्या पाच-दहा किलोमीटरांची. गावापासून ढाणीपर्यंत, मुख्य रस्त्यापासून एखाद्या जुन्या छत्रीपर्यंत किंवा तळ्यापर्यंत जी वाट जाते ती अजून मुरमाची किंवा नुसती चाकोरीची असते. आणि पाहण्याजोगे जे असते ते नेमके त्या वाटेच्या टोकाला!

मोटार ताब्यात घेताना करारपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. पुष्कळशा करारांत कच्च्या वाटेवर किंवा पाण्यात गाडी घातल्यामुळे झालेली हानी भाडेकऱ्याच्या माथी असते. विम्याचेही तसेच. एंजिनात पाणी शिरल्याने होणारे नुकसान साध्या विम्यात सहसा धरले जात नाही. त्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. ही कलमे वाचून मन खट्टू होते खरे, पण त्यांचा एक फायदा असा की, पुढे पाण्याच्या काठाशी उभे राहिल्यावर निर्णय घेणे सोपे जाते. करारपत्राबरोबरच गाडीची मागची पेटी उघडून जादा चाक, जॅक, पाना आणि गाडी ओढण्याचा आकडा आहे ना, हे स्वतः पाहून घ्यावे. हा आकडा आजच्या लहान गाड्यांना कायमचा जोडलेला नसतो. बंपरवरील लहानसे झाकण काढून तेथे तो पिळून बसवावयाचा असतो. तो हरवला असेल तर मदतीला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधावा तरी कशाला?

आता भूमीकडे वळू. 'वाळवंट' हा आपला मराठी शब्दच दिशाभूल करतो. तो ऐकताच सर्वत्र वाळू असेल अशी समजूत होते. थरमध्ये वाळूच्या टेकड्या आहेत, तशीच दगडगोट्यांची पठारे आहेत, टेकड्यांमधल्या चिकणमातीच्या सपाट पट्ट्या आहेत आणि मीठ फुललेली रणेही आहेत. रण म्हणजे येथे लढाई नव्हे. खारवट, नापीक भूमीला संस्कृतात 'इरिण' म्हणतात, त्यावरून हा शब्द आल्याचे सांगतात. कच्छचे रण सर्वांना ठाऊक असते, परंतु पोकरण, बाप, कानोड या ठिकाणीही लहान लहान रणे आहेत. पाऊस पडल्यावर या प्रत्येक भूमीची वागणूक वेगळी असते, आणि गंमत अशी की, नवख्या माणसाला जिची भीती वाटते ती वाळू त्या वेळी सर्वांत सभ्यपणे वागते.

कोरडी वाळू म्हणजे सुटे कण. त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही नसते, म्हणून चाक त्यात रुतते. पाऊस पडला की कणाकणांमध्ये पाण्याचा बारीक पापुद्रा तयार होतो आणि त्याच्या ताणाने वाळू घट्ट बांधली जाते. मुलांचे वाळूचे किल्ले ओल्या वाळूचेच का होतात, याचे उत्तर हेच. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतरच्या ओल्या पट्ट्यावरून बैलगाडी सहज पळते. तीच गाडी वरच्या कोरड्या वाळूत अडकते. मे महिन्यात ज्या चाकोरीतून चाकांतील हवा कमी केल्यावाचून जाता येत नाही, तिथून ऑगस्टमधल्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी लहान मोटार सुखाने जाते. मात्र पाणी कणांतील सगळी पोकळी भरून वर साचू लागले की हा ताण नाहीसा होतो आणि तीच वाळू खिरीसारखी पातळ होते. किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात पर्यटकांच्या मोटारी रुतल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो, त्या याच कारणाने.

खरी फसगत चिकणमातीवर होते. कोरडी असताना ही पट्टी इतकी सपाट आणि टणक असते की, डांबरी रस्ता सोडून तिच्यावरून जावेसे वाटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना काळ्या रानाचा चिखल सांगावयास नको. पायताण उचलावे तर त्याबरोबर दोन शेर माती वर येते. मरुभूमीतील या मातीचा रंग फिकट, पण गुण तोच. अर्ध्या तासाच्या पावसाने तिचा वरचा बोटभर थर साबणासारखा होतो. टायरच्या खाचा चिखलाने भरतात, चाक गुळगुळीत होते, आणि गाडी आपण वळवू तिकडे न जाता उताराला जाते. अशा वेळी ब्रेक दाबणे म्हणजे तिला घसरण्याचे निमंत्रण. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर हलक्या पायाने धरून, स्टिअरिंगला झटका न देता चालावे, हे खरे कसब. पण त्याहून शहाणपणाचे म्हणजे अशा पट्टीत शिरूच नये. रणाच्या वाटेला तर पावसाळ्यात जाऊच नये. तेथे वरची पांढरी पापडी कोरडी दिसते आणि तिच्याखाली कित्येक हात दलदल असते. पापडीवर मधूनच गडद डाग दिसले तर ती आतल्या ओलीची खूण समजावी. कच्छच्या लहान रणातील रानगाढवांचे अभयारण्यही पावसाळ्याचे चार महिने प्रवाशांना बंद ठेवतात.

मग वाट केव्हा चालण्याजोगी झाली हे ओळखावे कसे? आपल्या शेतकऱ्याजवळ यासाठी एक नेमका शब्द आहे: वापसा. पाऊस पडून गेला, वरचे पाणी जिरले, माती ओली आहे पण पायाला चिकटत नाही, औत चालेल अशी झाली, म्हणजे वापसा आला. मोटारीलाही वापसाच हवा. मरुभूमीतल्या लोकांनी याच दृष्टीने पाऊस मोजण्याचे एक माप केले आहे. त्याला 'रेजा' म्हणतात. भांड्यात किती पाणी पडले हे रेजा सांगत नाही. ओल जमिनीत किती बोटे खाली गेली हे सांगतो. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ सालच्या हिंदी पुस्तकात या मापाचे आणि त्यामागील सगळ्या जलविद्येचे फार रसाळ वर्णन आहे. हवामान विभागाचा मिलिमीटरांचा आकडा पाहून वाटेचा अंदाज येत नाही; गावातल्या माणसाला 'ओल किती बोटे गेली?' असे विचारले की येतो. मी हा प्रश्न जेथे जेथे विचारला तेथे तेथे समोरच्याच्या मुद्रेवरचा परकेपणा पार नाहीसा झालेला पाहिला.

ओल खाली गेल्यावर तिचे काय होते, याचीही एक कथा आहे. थरमधील खोल पाणी पुष्कळ ठिकाणी खारे असते. परंतु काही भागांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, एक थर पसरलेला आहे. वरून झिरपलेली ओल या थरावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूत थेंब थेंब राहिलेले हे गोड पाणी मिळवण्यासाठी तेथील लोकांनी अगदी अरुंद विहिरी खणल्या. त्यांना 'कुईं' म्हणतात. इतक्या अरुंद, की आत उतरून खणणाऱ्याला कुदळ फिरवण्यापुरतीही जागा नसते. दिवसभरात दोन-चार घागरी पाणी जमावे, आणि तेवढ्यावर घर चालावे.

पण हाच खडिया २००६ सालच्या ऑगस्टमध्ये वैरी झाला. बाडमेर जिल्ह्यात दोन-तीन दिवसांत वर्षभराचा पाऊस कोसळला, लोक विसरून गेलेल्या कोरड्या प्रवाहमार्गांनी पाण्याचे लोंढे आले, आणि बाडमेरजवळचे कवास नावाचे गाव पाण्याखाली गेले. जिल्ह्यात शंभरावर माणसे दगावली. पाऊस थांबला, ऊन पडले, तरी कवासचे पाणी हटेना. गावाखालच्या जिप्समच्या थरामुळे ते जिरत नव्हते. पाणी उपसण्यासाठी पंप लावावे लागले, तरी ते महिनोन्महिने तसेच उभे राहिले. वाळवंटातले गाव तळ्यात बुडून राहिले! पुढे तेथील लोकांसाठी उंच जागी नवी वस्ती करावी लागली. आज त्या बाजूने जाणाऱ्या प्रवाशाला कोरडी, धुळीने भरलेली भूमी दिसते. पाण्याची आठवण देणारे तेथे काही नाही. म्हणूनच ही हकीकत ठाऊक असावी. वाळवंटात सखल जागी रात्रीसाठी तंबू ठोकणारे किंवा गाडी लावणारे प्रवासी मी पाहिले आहेत. जागा सपाट आणि वाऱ्यापासून सुरक्षित असते. ती सपाट कशामुळे झाली, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नसतो.

जैसलमेरभोवतीच्या दगडी पठारावर पाणी मुरतच नाही; पडले की धावत सुटते. ते वाया जाऊ नये म्हणून उताराच्या पायथ्याशी मातीचे लांबच लांब बांध घालून शेते केलेली आहेत. त्यांना 'खडीन' म्हणतात. पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत फार जुन्या काळी रूढ केली. त्यांचे ओस पडलेले कुलधरा गाव पाहावयास हजारो लोक जातात, परंतु त्यांची खरी कर्तबगारी असलेल्या खडिनाकडे सहसा कोणी फिरकत नाही. शेताच्या कित्येक पट मोठ्या पठारावरचे पाणी खडिनात येऊन साठते, हळूहळू मुरते, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पिकतो. एवढ्याशा पावसाच्या मुलखात गहू!

मोटारचालकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, पठारावरून धावणारे पाणी वाटेला आडवे येणारच. अशा ठिकाणी रस्त्यावर काँक्रीटची सखल फरशी असते, तिला तिकडे 'रपट' म्हणतात. एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघे मित्र भाड्याची मोटार घेऊन जैसलमेरच्या दक्षिणेकडील एका ढाणीहून परतत होतो. डोक्यावर आकाश स्वच्छ निळे होते, वाटेवर ओल होती ती आदल्या दिवसाची. रपटीशी आलो तो तांबूस पाणी वाहताना दिसले. शेळ्यांच्या लेंड्या, खेजडीच्या वाळल्या शेंगा आणि काटेरी फांद्या त्यात गरगरत होत्या. आमच्याजवळ संध्याकाळच्या आगगाडीची तिकिटे होती आणि मित्राचे दुसऱ्या दिवशी दिल्लीत महत्त्वाचे काम होते. पाणी फार तर गुडघ्याएवढे दिसत होते, आणि पलीकडचा कोरडा रस्ता पंधरा पावलांवर होता.

काठावर एक वृद्ध मेंढपाळ बसला होता. त्याने आमच्या काळ्या पाटीकडे पाहिले, उठला, आणि हातातली काठी पाण्याच्या अगदी कडेला रोवली. "बाबूजी, काठी कोरड्यात येऊ द्या," एवढेच म्हणून तो पुन्हा बसला. मित्राने त्याला दोन-तीन वेळा विचारले, "बाबा, आता जाऊ का?" त्याने मान हलवली. काठी प्रथम अर्ध्या वितीने बुडाली, म्हणजे पाणी चढतच होते. कुठे तरी दूर, आमच्या नजरेपलीकडे पाऊस पडून गेला होता. सुमारे अडीच तासांनी काठीभोवतीची वाळू उघडी पडली. आणखी तासाभराने रपट दिसू लागली, आणि मग आम्ही पाहिले की तिच्या उताराकडच्या बाजूचा, पुरा एका चाकाच्या रुंदीचा तुकडा वाहून गेला होता. तेथे छातीएवढा खड्डा होता. पाणी असताना तो दिसण्याचा काही संभव नव्हता. मित्र कितीतरी वेळ त्या खड्ड्याकडे पाहत उभा राहिला. आमची त्या दिवशीची आगगाडी चुकली. मेंढपाळाला आम्ही पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत; काडेपेटी मात्र मागून घेतली.

वाहते पाणी उथळ दिसले तरी त्याचे बळ किती असते याची कल्पना असावी. सुमारे ३० सेंटिमीटर खोल पाणी लहान मोटारीला तरंगवू लागते. ६० सेंटिमीटर वाहत्या पाण्यात बहुतेक मोटारी, जीपसारख्या उंच गाड्यासुद्धा, वाहून जातात. गाडी बंद, काचा वर, म्हणून आत पाणी येत नाही, आणि म्हणूनच ती होडीसारखी उचलली जाते. साचलेल्या पाण्यात एंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावा. हवेबरोबर पाणी आत ओढले गेलेले असते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, आणि आतील दांडा वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, एंजिन कारागिराने तपासल्यावाचून चावी फिरवू नये.

चिखल दिसला की वाट सोडून बाजूने जाण्याची बुद्धी सर्वांनाच होते. येथे मात्र मला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. वाटेच्या बाजूला जी मोकळी वाळू दिसते ती पुष्कळदा मोकळी नसते. तीत मटकी किंवा बाजरी पेरलेली असते आणि अंकुर अजून वर यावयाचे असतात. वर्षात एकदाच मिळणाऱ्या ओलीवर केलेली ती पेरणी. आपल्या गाडीच्या चार चाकांनी तिच्यातून दोन ओळी काढल्या तर आपले काही जात नाही. त्याचप्रमाणे माळढोक, ज्याला तिकडे 'गोडावण' म्हणतात, याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडे घालतो. घरटे नाही, आडोसा नाही, आणि अंडेही बहुधा एकच. सोलापूरजवळच्या नान्नजला या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे तो दिसणे दुर्मीळ झाले आहे. देशात रानात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास मानले जातात आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. ज्या माळावरून गाडी वळवून नेणे सोयीचे वाटते, तोच त्यांचा माळ. चिखलाची वाट सोडून फिरण्यापेक्षा परत फिरणे बरे, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

इतके करूनही गाडी रुतलीच तर चाक गरगर फिरवू नये. प्रत्येक फेऱ्याबरोबर ते खोल जाते. चाकापुढची माती हाताने किंवा थाळीने उकरून तेथे गोणपाट, गाडीतले पायपोस, वाळल्या काटक्या घालाव्या. जॅक ओल्या मातीत खचतो, म्हणून त्याच्याखाली फळी लागते. ती बरोबर नसेल तर सपाट दगड शोधावा. काटक्या गोळा करताना झुडपात हात घालण्यापूर्वी काठी आपटावी. या दिवसांत फुरसे बाहेर पडलेले असते, आणि कोकणातल्या मंडळींना त्याची जात सांगावयास नको. मदत शोधण्यासाठी सर्वांनी गाडी सोडून चालू लागणे योग्य नव्हे. पाऊस उघडल्यावर ऊन असे तापते की, तासभर चालल्यावर घसा कोरडा पडतो, आणि सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसू लागतात. पाणी भरपूर जवळ ठेवून गाडीच्या सावलीत बसावे. मोबाइलला संदेश मिळो न मिळो, निघताना शेवटच्या गावातील दुकानदाराला 'अमुक ढाणीला जातो, सांजेपर्यंत परत येऊ' असे सांगून ठेवलेले असले की बहुधा कोणी तरी ट्रॅक्टर घेऊन येतेच. त्याचा मोबदला आधी ठरवण्याची घाई करू नये. चहा झाल्यावर तो विषय निघतो.

मोटार परत करण्यापूर्वी ती खालून धुऊन घ्यावी. वाट खारवट भूमीतून गेली असेल तर चाकांच्या कमानींत अडकलेला चिखल वाळून दगड होतो आणि त्यातले मीठ पत्रा खाते. जैसलमेरला धुलाईच्या टपऱ्या आहेत. तेथील मुले पाण्याचा फवारा मारता मारता चिखलाचा रंग पाहून आपण कोणत्या बाजूने आलो ते अचूक सांगतात.